दोरीला हात न लावता वाजलेली घंटा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं असल्या गोष्टी सांगायला लागली की मीच त्यांची फिरकी घ्यायचे. पण आमच्या देवळातली ती एक सकाळ... ती कुठल्या धड्यात बसवायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

देऊळ म्हणजे आमचं चर्च. रहिमतपूरच्या अलीकडे आमचं गाव, तिथली आमची ख्रिस्ती मंडळी त्याला देऊळच म्हणायची. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आत प्रवचनाचं सागवानी पुलपीट आणि पूर्वेच्या खिडकीत एकच निळी काच. सकाळच्या उपासनेला तिच्यातून उजेडाचा निळा तुकडा जमिनीवर पडायचा. बाहेर पडवीत घंटेची दोरी. मिशनच्या काळात ती घंटा आमच्या आजोबांनी स्वतःच्या बैलगाडीतून आणली होती, म्हणून वाजवायचा मान आमच्या घराकडे. आजोबांनी तो धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, आबांना दिला. आबांची वाजवायची रीत ठरलेली. एक ठोका, त्याचा आवाज पार विरेपर्यंत थांबायचं, मग जोडीनं दोन. शिवारातला माणूससुद्धा ओळखायचा, शमुवेल वाजवतोय.

आत बसायला एक लांबलचक जाजम होतं. सगळे त्यावरच बसायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले आणि बाकांची गोष्ट निघाली. आबांचे थोरले भाऊ, माझे दाविदकाका, देवळाच्या पंचांत होते. त्यांचे गुडघे गेलेले, खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागायची. त्यांनी बाकांच्या बाजूनं मत दिलं. आबा भडकले.

"दादा, येगयेगळ्या जातींच्या वाड्यांतनं आलेली माणसं एका जाजमावर बसली, म्हणून ह्ये देऊळ उभं ऱ्हायलं. बाकं आली की म्होरलं बाक कुणाचं आन् मागलं कुणाचं, ह्ये सुरू व्हईल."

"आरं, माझं गुडघं दुखत्यात रं शमू. त्यात कसली वाडी काढतूस?"

बाकं आली. पुढच्या बाकावर पंच बसले. आबांनी दोरी वर खुंटीला गुंडाळली, गाठ मारली आणि देवळाची पायरी चढणं सोडलं.

काकांनी त्या दोरीला कुणालाही हात लावू दिला नाही. लिंबाला रुळाचा तुकडा टांगून तो बडवायचे. आबांना वाटायचं, आपल्याला खिजवायला घंटा मुकी ठेवलीय. काका म्हणायचे, शमूचा मान हाय, त्यो येईल तवा वाजवंल. हे वाक्य मी स्वतः ऐकलं होतं, आबांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "त्येला तोंड न्हाई व्हय मला सांगायला?" दोघेही सारखेच हट्टी. दोन वर्षं अशीच गेली.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. रविवारची सकाळ. रविवारी आबा मुद्दाम शेतात राबायचे. आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो होतो... आणि घंटा वाजली.

एक ठोका. तो विरला. मग जोडीनं दोन.

आबांच्या हातातला वेल खाली पडला. "माझी नक्कल कोन करतंय?" म्हणाले आणि तसेच मातीच्या हातांनी निघाले. मी मागोमाग.

दारात पोचलो तर आत पुढची बाकं भिंतीला सरकवलेली. मधे जाजम अंथरलेलं. आणि त्यावर, निळ्या उजेडात, दाविदकाका पाय पसरून बसलेले. चेहरा फुललेला.

"ये शमू. तुझी घंटा ऐकली आन् जाजम काढाय लावलं. बस."

"घंटा म्या न्हाई वाजवली."

पाळकसाहेब काकांकडे बघायला लागले.

"मग कुनी वाजवली?" काकांनी विचारलं.

"ते तू सांग दादा. बोलवायचं तर घरी येऊन बोलवायचं. असली सोंगं कशाला?"

"देवाशप्पत, दोरीला हात लावला न्हाई रं कुनी..."

आबा फिरले. काका मागून हाका मारत राहिले, पण त्यांना उठता येईना. दोघांनी धरून उभं करेपर्यंत आम्ही ओढ्यापाशी पोचलो होतो.

नाताळच्या आत काका गेले. झोपेतच.

मातीच्या दिवशी घंटा वाजवायला आबांनाच बोलावलं. ते स्टुलावर चढले, गाठीला हात घातला आणि तसेच थांबले. दोरी, गाठ आणि खुंटी मिळून कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. वाळून दगड झालेलं, पिल्लं उडून गेल्याची भोकं पडलेली, वर धुळीनं भरलेली जळमटं.

"तू शिकलेली हाईस," आबा म्हणाले. "ह्ये कवाचं आसंल?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण म्हटलं, "जुनं आहे आबा. पावसाच्याही आधीचं असावं."

"म्हंजी दिवाळीला ही गाठ सुटलीच नव्हती."

"नाही."

त्यांनी ते घर बोटांनी फोडलं, दोरी सोडवली आणि घंटा वाजवली. मग आत आले. काकांची शवपेटी पुलपिटासमोर होती, खाली तेच जाजम. आबा काकांच्या अगदी उशाशी टेकले आणि हळूच, रोज बोलावं तसं म्हणाले, "आलो दादा. सरक जरा."

मी त्यानंतर खूप विचार केला. वारा म्हणावा, तर वारा काही थांबून जोडीनं दोन ठोके देत नाही. भास म्हणावा, तर अख्ख्या गावानं ऐकलं होतं. एवढंच कळतं, की ती दोघांसाठी वाजली होती. एकानं ऐकून जाजम अंथरलं आणि दुसरा भांडायला धावला.

आबांनी पुढं शेवटपर्यंत दर रविवारी घंटा वाजवली. उपासनेला खाली, जाजमावरच बसायचे, आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवायचे.