पहिले केस

माफ करा, माझं शिक्षण हिंदीत झालं आणि त्या काकूंचं नावही मी विचारलं नाही, तरी लिहितोय. दत्तक किंवा काही काळापुरतं मूल सांभाळणाऱ्या घरांना आधार कसा द्यायचा, हे आमचं देवासचं कॉलेज आणि एक संस्था मिळून आम्हाला शिकवत होती. बागली गावाहून येणाऱ्या काकू अशाच सांभाळायला घेतलेल्या तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन वर्गात मागे बसत. तिच्या डोळ्यांवर येणारे केस सारखे कानामागे सारत.

चहाच्या वेळी मी म्हणालो, "काकू, कापून टाका ना."

"वा भिया!" आमच्याकडे भावाला असंच म्हणतात. "जावळ झालंय की नाही, कुणाला ठाऊक? हिची आई नेमावरला आजारी आहे, बरी झाली की नेईल. पहिले केस काढायचा मान तिचा की माझा? तुमच्या वहीत आहे का काही?"

मी खरंच वही चाळली. त्या हसल्या. शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, त्याही गोंधळल्या. काय सांगायला हवं होतं, मला अजून कळत नाही.

परवा संस्थेतून कळलं, मुलगी आईकडे गेली. केस कापलेले नव्हते. काकूंनी दोन घट्ट वेण्या घालून दिल्या होत्या.