केळीच्या चिकाचा रंग

लग्न होऊन मी नालासोपाऱ्याजवळच्या गास गावी आले तेव्हा मला दोनच गोष्टी बऱ्या येत होत्या, टायपिंग आणि क्रोशा. नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. टायपिंगला आमच्या वाडीत विचारणारं कोणी नव्हतं. तिथे केळी होती, वालाच्या शेंगा होत्या, मोगरा होता, आणि उजाडल्यापासून या सगळ्यांच्या मागे धावणाऱ्या माझ्या सासूबाई होत्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा सकाळी मुंबईला कचेरीत जायचा. म्हणजे दिवसभर आम्ही दोघी, आणि त्यातली एक बिनकामाची.

बिनकामाची हा माझा शब्द. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण मी कोयता उचलला की म्हणायच्या, "राहू दे, मी करते." पाटाचं पाणी वळवायला गेले की, "राहू दे." एकदा मला शेंगा खुडायला दिल्या, तर मी मेलीने पोचट, कोवळ्या सगळ्या सरसकट खुडल्या. त्यांनी माझी टोपली पुन्हा निवडली. भांडणारी सासू असती तर मीही भांडले असते, जीभ काही मी माहेरी ठेवून आले नव्हते. पण "राहू दे"शी भांडायचं कसं? त्या घरात निदान एक काम असं हवं होतं की जे माझ्यावाचून अडेल. त्या वर्षी मला याहून जास्त काही नको होतं.

श्रावण लागला तसं एका संध्याकाळी जेवताना मी जाहीर करून टाकलं की यंदा गणपतीला दारावर माझ्या हातचं क्रोशाचं तोरण लागेल, रंगीत, आणि दोऱ्याला रंगही मी घरीच देणार. रंगीत दोरा दुकानात मिळत होता, नाही असं नाही. पण विकत काय, कोणीही आणील. सासूबाई म्हणाल्या, "कर की." नवरा हसला. त्या हसण्यापायी त्याला मी दोन दिवस पानचट चहा दिला.

पहिल्याच पावली माती खाल्ली. दोऱ्याऐवजी मी पांढरी लोकर घेऊन आले, का तर ती मऊ. हळदीत उकळली, कांद्याच्या सालींत उकळली, चहात रात्रभर भिजत ठेवली. बाहेर काढली की जशी गेली तशी पांढरी. दुकानदाराशी भांडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, ही लोकर मेंढीची नाही, कारखान्याची आहे. हिला स्वयंपाकघरातलं काही लागायचं नाही." मग सुती दोऱ्याच्या लडी आणल्या.

सुती दोऱ्याने हळद झटकन धरली. पिवळाधमक रंग बघून मी हुरळले. हळदीचा वास जरा उग्र वाटला म्हणून एक लड साबणाने धुवायला घेतली, आणि बघते तर माझ्या हातात ती कुंकवासारखी लाल. एका हळदीत दोन रंग! मी शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं. त्या येईपर्यंत मी लड विहिरीच्या पाण्यातून खळबळून काढली होती आणि ती पुन्हा पिवळी झाली होती. काकू एकदा लडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेल्या. श्रावणातलं ऊन ते कितीसं, पण तेवढ्यानेही चार दिवसांत ते पिवळं उडून गेलं. बीट पहिल्या पाण्यात उतरलं. कपड्यांच्या निळीने दोरा रंगला त्याहून जास्त मीच रंगले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मीच माझ्याबद्दल म्हणून घेतलं, दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत. सासूबाई येता-जाता बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "हळद नाय रहायची. पाव्हनी हाय ती."

गणपतीला बारा दिवस उरले. उपासाचे दिवस, त्यामुळे केळ्यांना मागणी जोरात. सासूबाई रोज घड उतरवत होत्या. माझ्याकडे पांढऱ्या चार लडी शिल्लक होत्या, त्या मी पडवीतल्या खुंटीला अडकवून ठेवल्या होत्या. दुपारी भांडी घासून बाहेर आले तर सासूबाई घडाचा दांडा कापत होत्या. दांड्यातून चीक गळत होता, आणि त्यांनी माझ्याच लडीने आधी कोयता पुसला, मग हात पुसले, मग दांड्याचं तोंड दाबून धरलं.

माझा पारा असा चढला की विचारू नका. "आई, दिसत नाही का तुम्हाला? या घरात माझं म्हणून एक काम होतं, तेही तुम्ही पुसून टाकलंत."

त्या हातातल्या लडीकडे बघत राहिल्या. "मला चिंधी वाटली गो," म्हणाल्या.

हे मला जास्त लागलं, कारण गेल्या पंधरवड्यात मी लडींच्या चिंध्याच तर केल्या होत्या. मी आत जाऊन चुलीकडे तोंड करून पोटभर रडले.

केळीचा डाग जात नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चीक निघताना पाण्यासारखा असतो, पण कपड्यावर वाळला की तपकिरी होतो आणि मग कपडा फाटतो पण डाग राहतो. सासूबाईंच्या वाडीतल्या सगळ्या साड्यांवर, पंच्यांवर, नवऱ्याच्या शाळेतल्या सदऱ्यांवरही ते डाग होते. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी खिडकीतून मी पाहिलं, त्या पावसात इरलं घेऊन विहिरीवरच्या दगडाशी बसल्या होत्या आणि माझी लड धुवत होत्या. साबण लावला, धुण्याचा सोडा लावला, लिंबू चोळलं, पुन्हा सोडा लावला. तास गेला असेल. मला फार लाज वाटली. बाहेर जाऊन "राहू दे" म्हणावं असं वाटत होतं, पण पाय उचलला नाही.

सकाळी त्यांनी लड माझ्यापुढे धरली. "नाय गेला," म्हणाल्या, चोरी पकडल्यासारख्या.

डाग गेला नव्हताच. उलट घासून घासून तो सगळ्या लडीभर सारखा पसरला होता. चिंचोक्यासारखा गडद, चकचकीत तपकिरी. मी ती लड पाण्यात बुडवली, पिळली, साबण लावला, पुन्हा पिळली. पाणी स्वच्छच. मग मला हसू फुटलं. "आई, हाच तर रंग मी इतके दिवस शोधतेय."

त्या खाली बसल्या. "हा? हा तर डाग हाय."

"जात नाही ना? मग रंगच."

मग आम्ही दोघी लागलो. घड काढलेल्या केळीचा बुंधा कुठल्या बाजूने कापला की चीक जास्त गळतो, हे त्यांना माहीत होतं. बुंध्याचे तुकडे त्या कोयत्याच्या पाठीने ठेचायच्या आणि मी रस फडक्यातून गाळायचे. लड किती वेळ बुडवायची, किती वेळा वाळवायची, सोडा कधी घालायचा, हे माझं खातं. एकदा बुडवलेला दोरा बिस्किटाच्या रंगाचा झाला. तीनदा बुडवला तो चिंचोक्याचा. मध्येमध्ये घट्ट बांधून ठेवला तिथे पांढरा राहिला, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बादलीत वाकून बघत विचारलं, "आता काढू काय?"

"राहू दे, मी काढते," मी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं. त्याही हसल्या. त्यांना पुढचे दोन दात नव्हते हे मला तोवर नीट दिसलं नव्हतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. मला वाणही लागला. माझे हात त्यांच्या हातांसारखे तपकिरी झाले आणि तसेच राहिले.

तोरण गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारावर चढलं. झेंडूच्या पिवळ्या माळेखाली तो तपकिरी रंग छान उठून दिसत होता, हे मी आजही म्हणेन. मुंबईहून आलेल्या माझ्या आत्याला मात्र ते मातकट वाटलं. "सणाचा जरा लाल-हिरवा करायचास गं," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "धुऊन बघा, जातो काय." आत्याने मोदक घेतला आणि विषय बदलला.

विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी सासूबाईंनी ट्रंकेतून एक साडी काढून माझ्यापुढे ठेवली. सुती, फिक्या बदामी रंगाची, घडीही न मोडलेली. त्यांच्या भावाने शेवटच्या भाऊबीजेला दिलेली. तो भाऊ त्यानंतर राहिला नव्हता. वाडीत नेसली तर डाग पडेल, आणि वाडीबाहेर त्या जायच्या तरी किती, म्हणून ती सहा वर्षं ट्रंकेत होती.

"ही पुरी बुडव," त्या म्हणाल्या. "मंग डाग पडला तरी दिसायचा नाय. नेसता तरी येईल."

मी भ्यायले. दोऱ्याची लड बिघडली तर दुसरी मिळते. ही एकच होती, आणि चिकाचा रंग एकदा बसला की माघार नाही. मी म्हटलं, "आई, बिघडली तर?"

"तर बिघडली," म्हणाल्या, आणि कोयता घेऊन वाडीत गेल्या.

चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. घरातलं सगळ्यात मोठं घमेलं घेतलं, साडी एकसारखी भिजावी म्हणून दर थोड्या वेळाने उलटीपालटी केली, पडवीत दोरी बांधून एकही सुरकुती न ठेवता वाळवली, आणि असं तीनदा केलं. निघाली तेव्हा ती पिकलेल्या चिकूच्या रंगाची होती, पदरापासून टोकापर्यंत सारखी. सासूबाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि तिथल्या तिथे नेसल्या.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघी नालासोपाऱ्याच्या बाजारात केळी घेऊन बसलो होतो. मला त्या आता बरोबर न्यायला लागल्या होत्या. एक बाई केळी घ्यायला वाकली आणि साडीकडे बघतच राहिली. "मावशी, कुठे घेतली ही? असा रंग दुकानात दिसला नाही."

"दुकानात नाय मिळायचा. घरी केलाय."

"तुम्ही केलात?"

सासूबाईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिनं. हिच्याबिगर कोनाला जमतंय?"

मी त्या बाईची केळी मोजत होते. डोळ्यांत पाणी आलं, मोजणी चुकली, आणि डझनाला चौदा केळी गेली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पुढची फणी माझ्याकडेच सरकवली.