भरतीच्या वेळी किल्ला

"सर, पाणी भरलंय. किल्ल्यात जाता येत नाहीये." अलिबागच्या वाळूत उभं राहून मी लखनौच्या ऑफिसला फोन केला.

"तो क्या हुआ? मराठी हो, कुछ जुगाड़ करो," शुक्लासर म्हणाले.

मी वाशिमचा. समुद्र मीही त्याच दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला सरांनी टूर मॅनेजर केलं, म्हणून त्यांच्यापुढे माझा आवाज चढत नाही. टूर मॅनेजर म्हणजे पाहुण्यांचं सामान, जेवण, रुसवेफुगवे सांभाळणारा. ही माझी पहिलीच टूर.

कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला पाणी मागे हटतं, चालत जाता येतं. भरतीला होडी लागते. त्या दिवशी वाऱ्यामुळे होड्या बंद. आणि लखनौत बसून छापलेल्या आमच्या प्रोग्रॅमवर होतं: दुपारी दोन, किल्ला.

"उद्या सकाळी आठला या," घोडागाडीवाले काका म्हणाले. "चालत जाल."

पण सकाळी मुंबईत शॉपिंग होती, दुपारनंतर परतीची ट्रेन. सरांनी फोनवरच ऐकवलं, "ट्रेन छूटी तो नौकरी भी छूटी."

मी बसमध्ये विचारलं, शॉपिंग सोडून सकाळी किल्ला बघायचा का? लखनौच्या चौक बाजारातले गुप्ताजी भडकले. "अरे यार, घरवालों के लिए कुछ ले जाना है!"

लखनौच्याच आलमबागमधल्या सक्सेना आंटी म्हणाल्या, "दुकानें तो आपके चौक में भी हैं, गुप्ताजी. समंदर है क्या?"

सगळे हसले. गुप्ताजीसुद्धा.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून निघालो. माझं लक्ष घड्याळात. पण तटाशी पोचलो आणि मान वरच राहिली. एकावर एक नुसते रचलेले प्रचंड दगड, मध्ये चुना नाही. काका म्हणाले, लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच संपतो. आत, खाऱ्या समुद्राच्या मधोमध, गोड्या पाण्याची विहीर! आंटी दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "किसने सोचा होगा, बेटा?" मीही शेजारी हात ठेवला.

निघायची वेळ झाली तर गुप्ताजी तोफेजवळून हलेनात. "बस पाँच मिनट, भैया!"

"पाणी चढतंय!" काका ओरडले. मी गुप्ताजींचा हात धरून त्यांना अक्षरशः ओढत आणलं. परतताना पाणी पोटरीपर्यंत. पुढे वडखळला ट्रॅफिक. मी बसमध्ये बसलोच नाही, दारातच उभा. स्टेशनवर शेवटची बॅग डब्यात ढकलली आणि गाडी हलली.

लखनौत सरांनी अर्धा तास झापलं. मग पुढच्या टूरचा प्रोग्रॅम माझ्यापुढे सरकवला. "छपने से पहले देख लो."

आता मी आधी घोडागाडीवाल्या काकांना फोन करतो. ट्रेनची वेळ रेल्वे ठरवते, किल्ल्याची समुद्र. आमच्या ऑफिसनं फक्त जेवणाची ठरवावी.