ढील, पण बोट ठेवून

मी वलगावचा. पोहायला शिकलो पेढी नदीत, तेही पाणी असेल तेव्हा. आर्मीनं मला शिडाच्या बोटीवर पाठवलं तेव्हा आई म्हणाली, "बाप्पा! बंदूक कमी पडली का तुले?"

मोहिमेत दोन बोटी होत्या, प्रत्येकीवर पाच जण. आमच्या बोटीच्या पुढच्या शिडाचा इन्चार्ज हवालदार गवई, अकोटचा. मी नायक, त्याच्या हाताखाली.

निघायच्या आदल्या दिवशी १६०० वाजता गवई उस्ताद डोलकाठीवर चढला. शीड ज्या पुढच्या तारेभोवती गुंडाळतात, तिला शीड वर खेचणारा दोर लागून जात होता. "शीड गुंडाळताना हाही तारेले गुंडाळला जाईन," म्हणाला. दोर थोडा मागे ओढून धरणारी कडी बसवली, मगच उतरला. मी खाली उन्हात उभा राहून मनात शिव्या घालत होतो.

सकाळी ०७०० ला ऑर्डर आली, शीड उघडा. शीड उघडलं की खालच्या ड्रमवर एक दोर गुंडाळला जातो. तोच दोर ओढला की शीड बंद होतं.

"ढील दे," गवई म्हणाला.

मी दोर सोडूनच दिला. शीड फाडकन उघडलं. मी खूश.

"काहून सोडलं बे? वलगावात पतंग नाई उडवत का? चकरीवर मांजा असा सैल भरतेत?"

"तुमीच म्हटलं ना, ढील दे!"

"ढील म्हंजे सोडून देणं नाई रे. बोट ठेवून सोडणं."

ड्रमवर वेढे एकमेकांवर चढले होते. त्यानं शीड बंद करून पुन्हा उघडायला लावलं, दोर ताणून धरून. वीस मिनिटं गेली. दुसरी बोट शिट्ट्या मारत पुढे निघाली. कॅप्टन साहेब घड्याळ पाहत होते. जमिनीत गडप व्हावं असं वाटलं, पण जमीनच नव्हती.

१४२० ला वारा एकदम चढला. "शीड बंद!" मी दोर ओढला. ड्रम गरकन फिरला. चाळीस सेकंदांत शीड गुंडाळलं.

तेवढ्यात रेडिओवर दुसरी बोट. "शीड जाम. मोटारीच्या पंख्यात दोर अडकला. खडकाकडे वाहतोय. ओव्हर."

"होल्ड ऑन. येतोय. आउट."

मोटार लावून पोचलो, तेव्हा खडकावरचे शिंपले दिसत होते. गवईनं दोर फेकला, पहिल्याच फेकीत पोचला. १७४५ ला दोन्ही बोटी बंदरात, दहाच्या दहा जण. मग आम्ही शिट्ट्या मारल्या. लय मारल्या!

कॅप्टन साहेब म्हणाले, "शाब्बास, अकोट!"

"साब, चकरी नीट भरली होती, बस."

तीन वर्षांनी पुराच्या ड्यूटीवर असताना हवालदार गवई वारला. बोटीतले सगळे गावकरी त्यानं आधी काठावर उतरवले होते. मले त्याची लय आठवण येते.

आता मी पेन्शनीत आहे. दर संक्रांतीला एसटीनं अकोटला जातो. गच्चीवर त्याची बायको चकरी धरते, मी पतंग चढवतो. पतंगानं वारा पकडला, मांजा सरसर धावू लागला, की वहिनी ओरडतात, "भाऊ, बोट ठेवा ना!"

मी ठेवतो.