वत्सलाताईंच्या नावाने बाद झालेली कविता

वत्सलाताईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ काल एका पंधरा वर्षांच्या मुलीची कविता बाद झाली.

ताई असत्या तर परीक्षकांना घरात चहासुद्धा मिळाला नसता. परीक्षकांत मीही होतो. म्हणजे मलाही नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खांदेश्वरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर नववी-दहावीला मराठी शिकवलं, आणि त्याच वयाच्या मुलांवर कविता लिहिल्या. मी एका पेपरच्या रविवार पुरवणीचा संपादक होतो तेव्हा त्या कविता आमच्याकडे छापून यायच्या.

शुक्रवारी दुपारी माझा फोन ठरलेला.

"ताई, पान लागतंय. कविता?"

"थांब रे जरा. दहावी ब अजून पास करायची आहे."

हे अगदी खरं होतं. ताई आपली कविता आधी वर्गात वाचायच्या, कोणाची ते न सांगता. ओळ खोटी वाटली की मुलांनी बाकावर थाप मारायची. थाप पडली की ओळ गेली.

एकदा गंमत म्हणून त्यांनी कुठल्याशा अंकातली 'उमलत्या वया'वरची कविता वाचली. इतक्या थापा पडल्या की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. मागच्या बाकावरचा एक गावठाणातला पोरगा उभा राहिला.

"म्याडम, यो कवी कोन हाय? याचे घरान पोरा नाय का?"

हे सांगताना हसून हसून ताईंना ठसका लागला. मग एकदम चिडल्या.

"कवितेत या वयाची मुलं म्हणजे एक तर कळी, नाही तर फुलपाखरू. हल्ली तिसरा प्रकार आलाय, मोबाइलमध्ये हरवलेलं पाखरू. अरे, त्यांना पिंपल्स येतात. घामाचा वास येतो. आवाज फुटला की मुलगा हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं सोडतो, नुसता हात वर करतो. हे कोण लिहिणार?"

त्यांनी लिहिलं. पुस्तक मात्र झालं नाही. एक प्रकाशक म्हणाले, शेवट आशादायी करा, शाळांत खपेल.

ताई म्हणाल्या, "मुलांना विचारून सांगते."

मुलांनी काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

यंदा आमच्या सेक्टरच्या वाचनालयाने ताईंच्या नावाने शालेय काव्यस्पर्धा ठेवली. मला बोलावलं, मी आनंदाने गेलो.

मग नियम वाचले. "कवितेतून सकारात्मक संदेश जावा."

मी लगेच फोन केला. उत्तर आलं, "अहो, तो स्टँडर्ड नियम आहे. सगळेच टाकतात."

आलेल्या कवितांत कळ्याच कळ्या. यात मुलांचा दोष नाही. मोठ्यांना काय हवं असतं ते मुलांना बरोबर कळतं. बाकावर थाप मारतील ती मुलंच स्पर्धेला कळी पाठवतात, कारण बक्षीस कळीला असतं.

आणि त्या ढिगात मानसीची कविता. तळोज्याला राहते, दहावीत आहे. वडील कंपनीत शिफ्टला. एका खोलीत पाच माणसं. एकटं रडायचं तर जागा एकच, बाथरूम.

नळ सोडते
मग रडते
बाहेरून आई म्हणते,
पाणी वाया चाललंय.
मी नळ बंद करते.

संपली.

उभा जन्म दुसऱ्यांचा मजकूर कापण्यात गेला माझा. इथे एक शब्द हलवता आला नाही.

स्पर्धा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "चांगली आहे हो, पण पालक येणार, पाहुणे येणार. लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या परीक्षक बाई माझ्या मदतीला धावल्या. "पाणी वाचवा, हा संदेश धरता येईल का?"

त्या मनापासून विचारत होत्या. म्हणून मला हसताही येईना.

तासभर भांडलो. शेवटी ठरलं, आशेच्या दोन ओळी जोडल्या तर पहिलं बक्षीस, नाही तर बाद. फोन मी करायचा.

केला. समितीचं म्हणणं सांगितलं, माझं वेगळं आहे तेही सांगितलं.

"कुठली आशा टाकू, काका? आईने दार उघडून मला जवळ घेतलं, असं?"

"तसं झालं होतं?"

"नाही ना. तिला डब्यांची घाई असते. मी रडते हेच तिला माहीत नाही."

"मग नको टाकूस."

"मग बाद?"

"बाद."

"ओके."

मी विचारलं, "तू बरी आहेस ना, बाळा?"

"हो हो. आमच्या वर्गात सगळेच रडतात, काका. टेन्शन नका घेऊ."

परीक्षकांतून मी नाव काढून घेतलंय. पहिलं बक्षीस पंख पसरणाऱ्या एका पाखराला मिळालं आहे, त्या मुलाचं अभिनंदन.

आज संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. ताईंवर पाच मिनिटं बोलायला मला सांगितलंय. मी बोलणार नाही. माझी पाच मिनिटं मानसीला दिली आहेत, ती कविता वाचेल. समितीला हे आत्ता या पोस्टमधूनच कळतंय, माफ करा.

सकाळी तिचा फोन आला होता.

"काका, आईला आणू का?"

"तुला काय वाटतं?"

"आणते. घरी सांगायला नाही जमणार मला."

तेव्हा जे येणार आहेत त्यांना एक विनंती. शेवटची ओळ झाली की लगेच टाळ्या वाजवू नका. तिच्या आईला थोडा वेळ द्या.

ताई, वर्ष झालं. तुमची आठवण येते.
नमस्कार.