चिनी हॉटेलची पाटी

एक डोळा मिटून, कुंचला नाकासमोर उभा धरून पेंटरभाऊ म्हणायचे, "थांब बाई, पाह्यल्याबिगर काढत नाई मी." त्यांनी रंगवलेला बैल कोणाचा, हे चांद्यातले लोक पाटीवरून सांगत.

आमच्या शेजारी टिनाच्या छपराखाली त्यांचं पाट्या रंगवायचं काम चाले. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले की मी तिथे जाऊन उभी राहायची. टर्पेंटाइनच्या वासात दुपार तरंगत असायची. बोलावं लागत नसे, हे मला आवडायचं.

एकदा कलकत्त्याहून पत्राने काम आलं. एक चिनी गृहस्थ बाजारात हॉटेल उघडणार होते; ते येण्याआधी पाटी हवी होती.

"चिनी माणूस कसा रायते वं, बाई?"

मीही पाहिला नव्हता. पण माझ्या चित्रांच्या पुस्तकात होता, ते पुस्तक मी आणून दिलं. पिवळाधमक चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, लांब वेणी, हातात भाताचा वाडगा. भाऊंनी सगळं उतरवलं. ड्रॅगन पुस्तकात अर्धाच होता; उरलेला त्यांनी घोरपडीवरून पुरा केला.

मालक आले. पांढरा पायजमा, आखूड केस, चष्मा. पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले.

"ये कौन है?"

"तुमीच न, भाऊ!"

"बचपन से यही देख रहा हूँ," ते हळूच म्हणाले. "सोचा था, इस जंगल में तो बच जाऊँगा. कहाँ से उतारा?"

मी खांबाआड होते. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच डोस्क्यातून."

पाटी उतरली. मग आठ दिवस भाऊ त्या हॉटेलच्या कोपऱ्यात बसले. कागदाच्या कातरणांची वही त्यांनी स्वतःच शिवली होती. पानापानावर मालक: कांदा चिरताना, चूल फुंकताना, डुलकी घेताना.

"काय करून राह्यले, भाऊ?" कोणी विचारायचं.

"माफी मांगून राह्यलो."

त्या हिवाळ्यात वही मालकांकडे ठेवून ते सिरोंच्याकडे कामाला गेले आणि तापाने तिकडेच वारले.

नाताळच्या सुट्टीत मी एकटीच हॉटेलात गेले. मालकांनी वही माझ्यापुढे ठेवली. बाहेर धुकं होतं. पानं मऊ पडली होती.

"वो तस्वीर मेरी किताब से उतारी थी," मी म्हणाले.

"मालूम है. पेंटर के घर में अंग्रेज़ी किताब कहाँ से आती?" ते हसले. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर त्यांनी पेन्सिल ठेवली. "अब तुम पेंटर को बनाओ."

मी पेन्सिल उचलली. इतक्या दुपारी भाऊंजवळ घालवल्या, पण मी नेहमी पाटीकडेच पाहत आले होते.