उजवा कौल

साठ-एकसष्ट साल असेल. सावंतवाडीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला मला जागा मिळाली होती आणि बाबा काही केल्या हो म्हणत नव्हते. धड नाहीही म्हणत नव्हते. मालवणच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. आई गेल्यापासून दुकानात आणि घरात आम्ही दोघंच. मी भांडी आपटायचे, ते मशीन जोरात चालवायचे. शेवटी एकदा म्हणाले, "देवाक कौल लावया. तो सांगात तसा."

आमच्याकडे कौलाची ही सोय फार मोठी. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घरातल्यांना एकमेकांशी बोलावंच लागत नाही.

उजवी कळी पडली. "देवान हुकूम दिल्यान. चेडवाक शिकूक धाडा," गुरव म्हणाला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

बाबा मात्र देवळाच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी "चला" म्हटलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "माका सुयेचा नेडा दिसणा नाय गो. शिवण पण अंदाजान मारतंय. कोणाक सांगूक नाय."

सुईत दोरा ओवायला ते मला रोज हाक मारायचे. मला वाटायचं, बापाचा तोरा, दुसरं काय!

"आदी सांगूक काय झाला हुता?" मी ओरडलेच.

"धीर होवक नाय. माका वाटला, देवच नाय म्हणात."

देवाला पुढे मीही केलंच होतं. 'तुम्हाला एकटं टाकून जाते' हे माझ्या तोंडून निघायला नको होतं, म्हणून तर कौलाला मी एवढ्या आनंदानं तयार झाले होते. हे त्यांना सांगितलं. आईनंतर आम्ही एकमेकांशी इतकं खरं कधी बोललोच नव्हतो, आणि त्याचा दोघांनाही काडीचा उपयोग नव्हता.

"मगे रव म्हणा, जाव नको म्हणा," मी रडत म्हटलं. "एकदा तोंडान म्हणा."

"तसा म्हणूचंय नाय. तू जा. देवान सांगल्यान हा."

लोक म्हणाले, पोरीनं देवाचा हुकूम मोडला. त्यांना काय सांगणार? बाबांनी अडवलं असतं तर मी भांडून गेले असते. त्यांनी जा म्हटलं, आणि मला जाता आलं नाही.